बोंबलाचं बदक कुणी केलं?

मेनूकार्डावर 'बॉम्बे डक' वाचून बदकाची वाट बघत बसलेला आणि ताटलीत मासा आल्यावर वेटरशी हुज्जत घालणारा परदेशी पाहुणा हा मुंबईतला फार जुना विनोद आहे. तो कधी खरोखर घडला असेल किंवा नसेलही, पण सांगितला मात्र हजारदा गेला आहे. विनोद संपला की त्याच्या पाठोपाठ एक खुलासा येतो. सांगणारा जरा पुढे सरसावतो आणि म्हणतो, "हे नाव कसं पडलं ठाऊक आहे का?" मग आगगाडीची गोष्ट सुरू होते.

ती गोष्ट आपणही ऐकली असेल. इंग्रजांच्या राज्यात मुंबईहून कलकत्त्याला टपालगाडी जायची. तिच्या डब्यांतून सुक्या बोंबलांची पोती जायची. त्यांच्या वासानं सगळी टपालगाडी भरून जायची. टपालाला हिंदीत डाक म्हणतात, म्हणून त्या वासाला 'बॉम्बे डाक' म्हणू लागले, आणि साहेबाच्या जिभेवर 'डाक'चं 'डक' झालं. गोष्ट चटकदार आहे, लक्षात राहते आणि सांगणाऱ्याला शहाणपणाचं समाधान देते. तिच्यात उणीव एवढीच की ती खरी असू शकत नाही.

तारखा लावून पाहू. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरं रुळांनी जोडली गेली ती १८७० साली. आणि 'बॉम्बे डक' असं टोपणनाव असलेल्या एका माशाचा उल्लेख १८२९ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडतो. सर टोबी रेंड्रॅग असं गमतीदार टोपणनाव घेतलेल्या लेखकाच्या कविता आणि हिंदुस्थानच्या आठवणी त्यात आहेत. म्हणजे पहिली गाडी सुटण्याच्या चोवीस वर्षं आधी हे नाव छापखान्यातून बाहेर पडलं होतं. पूर्वेकडे हीच नामकरणाची कथा चक्क रॉबर्ट क्लाइव्हच्या नावावर सांगतात. क्लाइव्ह वारला १७७४ साली. त्याच्या नाकाला टपालगाडीचा वास येणं शक्यच नव्हतं.

गोष्ट खोटी ठरली म्हणून मी ती सोडून देत नाही. ती इतकी का चालली याचा मला विचार करावासा वाटतो. त्या गोष्टीत आगगाडी आहे, टपाल आहे, साहेब आहे आणि वास आहे. तिच्यात कोळी नाही, कोळीण नाही, आणि 'बोंबील' हा शब्दही नाही. खरं तर 'बॉम्बे डक' या नावाची किल्ली त्या शब्दातच आहे.

जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७३ साली मुंबईत उतरला. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली प्रसिद्ध झालं. त्यात माझगावचं वर्णन आहे. आज माझगाव म्हटलं की आपल्याला गोदी आठवते. फ्रायरनं मात्र ते मासेमारीचं मोठं गाव म्हणून पाहिलं. तिथल्या एका माशाचं नाव त्यानं आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहून ठेवलं आहे. उच्चार साधारण 'बंबेलो' असा होतो. गरीब लोकांचा निर्वाह या माशावर चालतो, असंही तो नोंदवतो. हा बंबेलो म्हणजे आपला बोंबील. एखादा कोळी मासा दाखवून नाव सांगतोय आणि परका वैद्य ते कागदावर उतरवतोय, असं चित्र ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माझगावच्या किनाऱ्यावरचा एक मराठी शब्द असा इंग्रजी पुस्तकात जाऊन बसला.

पुढे शे-दोनशे वर्षं हा शब्द इंग्रजीत बंबेलो, बमेलो, बमलो अशा नाना वेशांत हिंडत राहिला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा तो कोश. 'बॉम्बे डक' हा शब्द त्यात शोधायला गेलं तर कोशकार आपल्याला 'बमेलो'कडे पाठवतात, आणि बमेलोचं मूळ म्हणून मराठी बोंबील सांगतात. आता उच्चार शेजारी शेजारी ठेवून पाहा : बोंबील, बंबेलो, बॉम्बे. मुंबईला 'बॉम्बे' म्हणणाऱ्या माणसाच्या कानाला बंबेलोत बॉम्बे ऐकू येणं किती सोपं होतं! मासाही मुंबईचा, नावही मुंबईसारखं. नावाचा पूर्वार्ध असा जमला असावा, आणि कोशकारांचाही कल तिकडेच आहे.

मग उत्तरार्धातलं बदक कुठून आलं? इथे मी थोडा इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाणार आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर तिथल्या गरिबांच्या ताटात आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर यार्मथ नावाचं बंदर आहे. खारवून, धुरी देऊन टिकवलेल्या हेरिंग माशासाठी ते प्रसिद्ध होतं. या स्वस्त, खारट, वाळक्या माशाला लोक थट्टेनं 'यार्मथचा केपन' म्हणत. केपन म्हणजे खास खाऊ घालून पुष्ट केलेला कोंबडा, श्रीमंतांच्या मेजावरचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या बाजारी इंग्रजीच्या कोशात हा शब्द नोंदलेला आहे. स्कॉटलंडमध्ये क्रेल नावाचं गाव आहे. तिथल्या सुक्या हॅडॉकला 'क्रेलचा केपन' म्हणत. अमेरिकेत केप कॉडच्या खारवलेल्या कॉडला 'केप कॉडची टर्की' म्हणत. कॅनडात डिग्बी नावाच्या गावच्या धुरावलेल्या हेरिंगला 'डिग्बीचं चिकन' म्हणत. आणि वेल्सच्या लोकांना चिडवण्यासाठी पावावर वितळवलेल्या चीजला 'वेल्सचा ससा' असं नाव दिलं गेलं. ते तर आजही चालू आहे.

सगळ्या नावांचा साचा एकच आहे. आधी गावाचं नाव, मग न परवडणाऱ्या पक्ष्याचं किंवा प्राण्याचं. ताटात असतो वाळका मासा, आणि त्याला नाव मिळतं कोंबड्याचं. गरिबीवर गरिबानंच केलेली ती थट्टा असते. कधी गरिबावर दुसऱ्यानं केलेली. आपल्याकडे शेंगदाण्यांना 'गरिबांचे बदाम' म्हणतात, त्याच जातीची. हा साचा डोक्यात घेऊन आलेले गोरे खलाशी आणि शिपाई मुंबईला उतरले. इथेही त्यांना किनाऱ्यावर वाळत घातलेला, स्वस्त, उग्र वासाचा, चवीला झणझणीत मासा दिसला. त्यांनी यार्मथला जे केलं तेच इथे केलं असावं. गावाचं नाव घेतलं, बॉम्बे. पक्ष्याचं नाव घेतलं, डक. माझ्या मते 'बॉम्बे डक'ची कुळकथा एवढी साधी आहे. तिला आगगाडीची गरज नाही, टपालाचीही नाही.

नाव एकदा पडलं की ते एका जागी थांबत नाही. माशाचं नाव माणसांना चिकटलं. कंपनी सरकारचे तीन इलाखे होते : बंगाल, मद्रास आणि मुंबई. तिन्हीकडच्या गोऱ्यांची एकमेकांत चढाओढ चाले आणि त्यांनी एकमेकांना नावं ठेवली होती. मद्रासच्या साहेबांना 'मल्स' म्हणत, ते मुलगटवनी या मिरीच्या सारावरून. बंगालच्या साहेबांना 'क्वी-हाय' म्हणत, कारण ते उठता बसता नोकराला "कोई है?" अशी हाक मारत. आणि मुंबईच्या साहेबांना म्हणत 'डक्स'. हॉब्सन-जॉब्सनच्या कर्त्यांनी याचा उगम त्या सुक्या माशातच दाखवला आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पुढे १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झाला, तो १८०३ साली तरुण अधिकारी होता आणि दख्खनच्या लढाईत होता. त्या वर्षीच्या त्याच्या लिहिण्यात हे 'डक्स' येतात, हालअपेष्टा काढणारे शिपाईगडी म्हणून. आगगाडीच्या बरोबर पन्नास वर्षं आधी.

मला यात गंमत वाटते आणि थोडा न्यायही दिसतो. ज्यांनी माशाला हसून बदक म्हटलं, त्यांचे भाऊबंदच त्यांना त्याच नावानं हसू लागले. मराठीतही अंगानं वाळलेल्या माणसाला आपण 'सुका बोंबील' म्हणतोच की.

नावाचा पुढचा प्रवास खाण्याच्या मेजावरचा आहे. मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज लेखिका १८०९ साली मुंबईला आली. सुकवलेला हा मासा सकाळच्या न्याहारीला खिचडीबरोबर खातात, अशी नोंद तिनं केली आहे. पावसाळ्यात खिचडी आणि भाजलेला बोंबील खाणाऱ्या कुठल्याही किनारी घराला यात नवल वाटणार नाही. खिचडी पुढे इंग्लंडात गेली, तिची 'केजरी' झाली आणि तिच्यात धुरावलेला हॅडॉक पडू लागला. बोंबीलही तिकडे गेला, पण वाळका आणि इंग्रजी नावानं. तिकडच्या हिंदुस्थानी खानावळींत 'बॉम्बे डक' म्हणजे कुरकुरीत तळलेला सुका तुकडा, आपण पापड घेतो तसा कढीभाताबरोबर चुरून खायचा.

या नावाची एक ठाम मर्यादा होती. 'बॉम्बे डक' म्हणजे सुका बोंबील. ओला बोंबील ही वेगळी चीज. आपल्या भाषेत हा भेद घरातल्या पोरालाही ठाऊक असतो. ओला बोंबील म्हणजे जेलीसारखा मऊ, गुलाबी झाक असलेला, हातातून निसटणारा. त्याच्या अंगात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच. म्हणून तो चिरून, मीठ लावून, पाट्याखाली दाबून ठेवायचा, पाणी निघून गेलं की मसाला लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर टाकायचा. सुका बोंबील मात्र आधी निखाऱ्यावर शेकायचा, तुकडे करायचे, मग कांद्यात परतायचा किंवा बटाट्याबरोबर कालवणात सोडायचा. पारशी घरांत सुक्या बोंबलाचा आंबटगोड तारापोरी पातियो होतो. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत ओल्या बोंबलाच्या पोटात कोळंबी भरतात. इतक्या तऱ्हा, इतकी घरं. आता मुंबईतल्या हॉटेलांनी ओल्या तळलेल्या बोंबलालाही 'बॉम्बे डक फ्राय' म्हणायला सुरुवात केली आहे. इंग्रजी शब्दाला जो फरक कळत होता, तो आपणच पुसून टाकला.

आणि हा मासा केवळ मुंबईचा आहे असंही नाही. तो सापडतो दोन लांबच्या पट्ट्यांत. एक सौराष्ट्रापासून उत्तर कोकणापर्यंतचा, दुसरा बंगालच्या बाजूचा. मधल्या दक्षिण किनाऱ्यावर तो फारसा नाही. बंगालीत त्याला लोटे म्हणतात, चितगावकडे लोइट्टा. शास्त्रीय नोंद झाली तीही तिकडचीच : फ्रान्सिस हॅमिल्टन यानं १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. म्हणजे शास्त्राच्या वहीत हा मासा गंगेचा आणि बाजाराच्या वहीत मुंबईचा. बाजाराच्या वहीत मुंबई येण्याचं कारण आपल्या किनाऱ्यावरच्या कष्टांत आहे.

बोंबील टिकत नाही. पकडल्यावर काही तासांत तो उतरायला लागतो. बर्फ नव्हता तेव्हा त्याला सुकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून खुंटांना बांधलेलं शंकूसारखं डोल जाळं, त्यात तो सापडतो. किनाऱ्यावर आणला की बायका त्याला धुतात आणि बांबूच्या वलांडीवर, म्हणजे उंच बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर, जोडीजोडीनं टांगतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या दातांत अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नको, सुतळी नको. त्याच्या मोठ्या तोंडाचा आणि बारीक दातांचा असा उपयोग कुणा कोळणीला पहिल्यांदा सुचला असेल, तिचं नाव कुठल्याच कोशात नाही. दोन-चार दिवस कडक ऊन मिळालं की मासा काडीसारखा होतो. मध्येच अवकाळी सर आली तर सगळ्या मेहनतीचं पाणी होतं. अर्नाळा, उत्तन, गोराई, वर्सोवा, मढ या गावांनी शतकानुशतकं हे केलं, म्हणून 'बॉम्बे'चा मासा बोटीतून आणि मग गाडीतून देशभर जाऊ शकला.

मी रायगडच्या किनाऱ्याकडचा. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत मृगाच्या आधी आगोटीची बेगमी व्हायची. तांदूळ, लाकडं, कांद्याच्या माळा, आणि डब्यात कोंबून ठेवलेले सुके बोंबील, सुकट, जवळा. दर्या बंद असायचा त्या दिवसांत दादीच्या चुलीवर बोंबील शेकला की वास उंबऱ्यापर्यंत यायचा आणि आम्ही भाकरी मागायचो. शेजारच्या कोळ्यांकडे तोच वास, पलीकडच्या भंडाऱ्यांकडे तोच. ईद कुणाची आणि पाडवा कुणाचा हे आम्हाला माहीत होतं; बोंबील मात्र कुणा एकाचा आहे असं कधी वाटलं नाही.

शहरात आल्यावर त्या वासाची दुसरी ओळख झाली. भाड्याचं घर शोधत होतो. दलालानं फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, नाव काय. दुसरी, घरात मासेबिसे करता का. पहिल्या उत्तरावर तो जरा थांबला आणि दुसऱ्यावर त्यानं फोन ठेवला. मला राग आला, पण त्याहून जास्त एक गोष्ट लख्ख कळली. नाव आणि वास, या दोन गोष्टींवरून माणसाची जागा ठरवायची सवय आपल्याला फार जुनी आहे. टपालगाडीची गोष्ट इतकी लोकप्रिय का, हेही मला त्याच दिवशी उमगलं. त्या गोष्टीत मासा केवळ वास म्हणून येतो. तो कुणी पकडला, कुणी सुकवला, तो त्याला काय म्हणतो, हे विचारावंच लागत नाही.

कायद्यालाही एकदा हाच प्रश्न पडला होता. युरोपीय महासंघानं १९९७ साली 'बॉम्बे डक'च्या आयातीवर बंदी घातली. मासा खराब निघाला, कुणी आजारी पडलं, असं काही झालं नव्हतं. भारतातून मासे यायचे तर ते मान्यताप्राप्त गोठवण किंवा डबाबंद कारखान्यातूनच आले पाहिजेत असा नियम होता, आणि उन्हात, वाऱ्यावर, दोरीवर सुकणारा बोंबील कुठल्या कारखान्यात बसणार? तेव्हा इंग्लंडात वर्षाला तेरा टनांहून जास्त सुका बोंबील खपत असे. तिथल्या चाहत्यांनी चक्क 'बॉम्बे डक वाचवा' अशी मोहीम काढली. भारताच्या उच्चायुक्तालयानंही शब्द टाकला. शेवटी नियमाला मुरड घातली गेली : मासा उघड्यावर सुकवला तरी चालेल, फक्त मान्यताप्राप्त केंद्रात बांधला गेला पाहिजे. कोळणीच्या वलांडीला युरोपच्या कायद्यात जागा मिळाली, असंच मी याला म्हणेन.

इकडे १९९५ साली 'बॉम्बे'ची अधिकृत मुंबई झाली. पाट्या बदलल्या, पत्ते बदलले. 'बॉम्बे डक' मात्र तसंच राहिलं. 'मुंबई डक' कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. राज्य सरकारनं २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पापलेट देखणा आहे, महाग आहे, त्याला मान मिळाला हे बरंच झालं. बोंबलाला असा मान नको आहे. त्याचं नाव त्याला परत मिळालं तरी पुरे.

कारण ते परत देणं आपल्या हातात आहे. इडली जगभर गेली, डोसा गेला, त्यांना इंग्रजी नावं शोधायला कुणी बसलं नाही. खाणाऱ्यांनी शब्द शिकून घेतले. बोंबील तर इंग्रजी पुस्तकात त्यांच्याही आधीपासून, १६९८ पासून आहे. मेनूकार्डावर रोमन लिपीत 'बोंबील' लिहिलं तर पाहुणा विचारील, हे काय असतं? विचारू द्या. मग त्याला सांगता येईल की हा मासा आहे, याच्या अंगात हाडापेक्षा पाणी जास्त, याला आमच्या कोळणी एकमेकांच्या दातांत अडकवून वाळवतात, आणि पावसाळ्यात आमची घरं यावर निघतात. हे सगळं सांगून झाल्यावर वेळ उरलाच, तर यार्मथच्या कोंबड्याची गोष्टही सांगावी. त्याला हसू येईल. बदक मागवणाऱ्या पाहुण्याचा विनोद सांगायची गरज मग पडू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)